बांधलेल्या गाडीचा हॉर्न: करंट जातो, पण परत कुठून येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीच्या एका तरुणाने तीन वर्षं खपून पाइपच्या चेसिसवर दोन सीटची उघडी गाडी बांधली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या मारुती ८०० चे, स्टिअरिंगचा रॉड भंगारातून आणलेला, वरचं स्टिअरिंगचं चाक बाजारात मिळणारं छोटं. पुढे दोन हॉर्न आहेत. बॅटरीवरून थेट वायरी लावल्या की दोन्ही खणखणीत वाजतात. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की मात्र आवाज घोगरा येतो, आणि तोही चाक डावीकडे वळलेलं असेल तरच. उजवीकडे वळवलं की गप्प. चार-पाच वेळा दाबलं की बटण गरम लागतं. हॉर्नची जोडी दोनदा बदलून झाली. आता तिसरी कोणत्या कंपनीची घेऊ, असं त्यांनी विचारलं आहे.

तिसरी घेऊ नका. पहिली जोडी जपून ठेवली असेल तर तीच परत लावा, ती चांगलीच असणार. थेट बॅटरीवर जो हॉर्न खणखणीत वाजतो त्याच्यात दोष नाही, हे तुम्ही स्वतःच तपासून पाहिलंय. दोष बॅटरी आणि हॉर्न यांच्यामधल्या रस्त्यात आहे, आणि माझ्या अंदाजाने जाणाऱ्या रस्त्यात नसून परतीच्या रस्त्यात आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना मी बांधलेल्या, वाढवलेल्या, कापून जोडलेल्या बऱ्याच गाड्या पाहिल्या. त्यांच्यातल्या बहुतेक तक्रारी अर्थिंगपाशी, म्हणजे चेसिसमधून बॅटरीच्या मायनसला परतणाऱ्या रस्त्यापाशी, येऊन थांबतात. कंपनीच्या गाडीत पत्र्याची आख्खी बॉडी वेल्डिंगने एकसंध असते, अर्थच्या पट्ट्या ठरलेल्या जागी आधीच लावलेल्या असतात, त्यामुळे परतीचा रस्ता आपल्याला फुकट मिळतो. तुम्ही गाडी बांधली म्हणजे तो रस्ताही तुम्हालाच बांधायला हवा, आणि तो डोळ्यांना दिसत नसल्यामुळे राहून जातो.

आधी हॉर्न आत काय करतो ते पाहू, म्हणजे घोगरेपणाचा अर्थ लागेल. शाळेत विद्युत घंटा पाहिली असेल. हॉर्न म्हणजे तीच घंटा, टोल्याच्या जागी पातळ पोलादी पडदा. आत तांब्याच्या तारेची कॉइल आणि तिच्या मार्गात एक पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारा धातूचा जोड. करंट आला की कॉइल पडद्याला ओढते, पडदा आत येताना पॉइंट उघडतो, करंट तुटतो, पडदा परत उसळतो, पॉइंट पुन्हा मिटतो. हे सेकंदाला साधारण चारशे वेळा होतं. व्होल्टेज कमी पडलं की ओढ कमी पडते, पडदा पूर्ण अंतर जात नाही, आणि आवाज घोगरा होतो. आणखी कमी पडलं तर पडदा पॉइंट उघडण्याइतकाही आत येत नाही. मग नुसतं एकदा ‘टक्’ होतं आणि करंट न तुटता कॉइलमधून वाहत राहतो. असा ‘टक्’ आवाज आला तर बटण दाबून धरू नका, कॉइल तापून जाते. आणि हॉर्नच्या पाठीवर रंगाने सील केलेला जो छोटा स्क्रू असतो, त्याला इतक्यात हात लावू नका. तो पॉइंटचं अंतर ठरवतो. कमी व्होल्टेजवर फिरवून आवाज बरा करून घेतला तर पूर्ण व्होल्टेज मिळाल्यावर तोच हॉर्न बिघडलेला निघतो.

आता तुमच्या गाडीत करंट कसा वाहतोय ते पाहू. वर्णनावरून जोडणी अशी असणार: बॅटरीतून हॉर्नला, हॉर्नच्या दुसऱ्या पिनवरून स्टिअरिंगच्या बटणाला, बटणातून स्टिअरिंगच्या रॉडला, आणि रॉडमधून चेसिसला. बाजारातल्या छोट्या चाकाचं बटण असंच असतं, मागे एक पिन आणि बाकी सगळं चाकाच्या लोखंडाला. आता रॉडकडे नीट बघा. वरच्या टोकाला तो नायलॉनच्या बुशमध्ये फिरतो. खालच्या टोकाला, भंगारातून आणलेल्या बहुतेक रॉडना असतं तसं, रबरी कपलिंग, म्हणजे रॉडला पुढच्या भागाशी जोडणारा रबराचा सांधा, असणार. त्याखालचा, पुढची चाकं वळवणारा रॅकही बऱ्याचदा रबरी बुशवर बसवलेला असतो. म्हणजे वर नायलॉन, खाली रबर. तुमचा स्टिअरिंग रॉड विजेच्या दृष्टीने हवेत लटकलाय. त्याला चेसिसशी जोडणारं खात्रीचं धातूचं काहीच नाही. मग डावीकडे वळवल्यावर वाजतो कसा? कपलिंगचा एखादा बोल्ट किंवा रॉडवरची क्लिप त्या कोनात कुठल्यातरी ब्रॅकेटला टेकत असणार. तेवढ्या टेकण्यातून हॉर्नचा करंट जातोय.

इथे मला हॉर्नपेक्षा दुसरी काळजी जास्त आहे. स्टिअरिंगचा फिरणारा भाग कुठेतरी घासतोय, ही गोष्ट हॉर्न तुम्हाला सांगतोय. वायरिंगला हात लावायच्या आधी गाडीखाली जा, कोणाला तरी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा आणि टॉर्च मारून बघा कुठे चमकलेली, खरवडलेली जागा दिसते. सापडली की ती मोकळी करा. हे झाल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

कंपनीच्या गाडीत अशा रबरी कपलिंगला ओलांडून जाणारी तांब्याची विणलेली पट्टी किंवा पातळ पत्रा असतो. भंगारवाला रॉड कापून काढतो तेव्हा तो तुटतो, किंवा बसवताना ‘हे कशाला’ म्हणून आपणच टाकून देतो. रबर ओलांडून करंट पुढे नेणं, एवढंच त्याचं काम होतं.

अर्थ नसेल तर करंट वाटेल तो रस्ता धरतो. हे मी एकदा हाताने अनुभवलंय. नव्याने उभी केलेली एक जुनी जीप माझ्याकडे आली होती, तक्रार अशी की सेल्फ मारला की जळका वास येतो. इंजिन नव्या रबरी माउंटिंगवर बसवलं होतं आणि इंजिन ते चेसिसची अर्थ पट्टी लावायची राहिली होती. मी बॉनेट उघडून सेल्फ मारायला सांगितलं आणि ॲक्सिलरेटरच्या केबलवर बोट ठेवलं, ते लगेच काढावं लागलं. केबलवरचं प्लॅस्टिक मऊ होऊन चकाकत होतं. स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट परतीसाठी त्या बारीक पोलादी तारेतून जात होता. पट्टी लावली, विषय संपला, पण ती केबल मात्र बदलावी लागली. तुमच्या गाडीत इंजिन ते चेसिस आणि बॅटरी ते चेसिस अशा दोन्ही जाड पट्ट्या आहेत का, ते आजच बघा. हॉर्नचा अर्थ पुढे याच रस्त्याने बॅटरीत परतायचा आहे.

आता दुसरा दोष, बटण गरम होण्याचा. एक हॉर्न साधारण ४ ते ५ अँपिअर खातो, जोडी ८ ते १०. स्टिअरिंगच्या बटणातल्या पत्र्या एवढ्या करंटसाठी केलेल्या नसतात. त्यात हॉर्नमध्ये कॉइल असल्यामुळे बटण सोडताना प्रत्येक वेळी ठिणगी पडते आणि पत्री काळी होत जाते. काळी पत्री म्हणजे आणखी अडथळा, आणखी गरमी. यावर उपाय एकच, रिले, म्हणजे छोट्या करंटने चालू-बंद होणारा मोठ्या करंटचा स्विच. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ अँपिअर लागतो. बटणातून तेवढाच जाईल आणि मोठा करंट रिलेच्या आतल्या जाड पॉइंटवरून हॉर्नला जाईल.

जोडणी सांगतो, रिले हातात घेऊन वाचा. त्याच्या पिनांशेजारी ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे कोरलेले असतात, बहुतेक रिलेंवर ते सारखेच. बॅटरीच्या प्लस टोकापासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर निघेल, वीतभर अंतरात १५ अँपिअरचा निळा फ्यूज, आणि तिथून थेट ३० नंबरच्या पिनवर. ८७ वरून तशीच वायर पुढे हॉर्नपर्यंत, तिथे दोन फाटे, दोन हॉर्नच्या एकेका पिनला. ३० नंबरवरूनच एक छोटा तुकडा ८६ वर घ्या, तोही जाडच वापरा, कारण फ्यूज १५ चा आहे आणि बारीक वायर शॉर्ट झाली तर फ्यूजच्या आधी तीच जळेल. ८५ वरून ०.७५ ची बारीक वायर बटणाकडे. बटण दाबलं की ही वायर अर्थ होते, रिले ओढतो, हॉर्न वाजतो. काही रिलेत आत डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग असतो, त्यात ८६ ला प्लस आणि ८५ ला अर्थ ही दिशा पाळावीच लागते. वरच्या जोडणीत ती पाळली जातेच. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए ही पिन रिकामी ठेवा. चुकून हॉर्नची वायर तिथे बसली तर बॅटरी जोडताक्षणी हॉर्न सुरू होतो आणि बटण दाबल्यावर बंद पडतो.

फ्यूज बॅटरीजवळच का, हे विचारलं जातं. फ्यूज हॉर्नला वाचवण्यासाठी नसतो, तो वायर वाचवतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर बिनपहाऱ्याची असते. ती पाइपच्या कडेवर घासून सोलली तर तिला अडवणारं कोणी नाही, म्हणून ती जेवढी आखूड तेवढी बरी. बटणाच्या बाजूची वायर मात्र कुठेही सोलून चेसिसला लागली तरी आग लागत नाही, कारण तिच्या मागे रिलेची कॉइल आहे आणि ती ०.१५ च्या वर जाऊ देत नाही. फक्त हॉर्न आपोआप वाजत राहतो. बटणाने प्लस सोडायच्या ऐवजी अर्थ द्यायची पद्धत मला आवडते ती यासाठी. स्टिअरिंगसारख्या सतत हलणाऱ्या जागी वायर कधी ना कधी घासणारच, आणि तेव्हा आवाज होणं हे धूर होण्यापेक्षा हजार पटीने चांगलं. वळताना आपोआप हॉर्न वाजतो असं कोणी सांगितलं तर मी आधी ही बारीक वायर बघतो.

वायरच्या जाडीचा हट्ट का धरतोय, तेही आकड्यात सांगतो. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या चार मीटर वायरमधून ८ अँपिअर नेले तर वाटेतच १.१ व्होल्ट खर्च होतात. २.५ च्या वायरमध्ये हाच खर्च ०.२२ व्होल्ट. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट असतात. त्यातले सांध्यांसकट सव्वा व्होल्ट जाताना, तेवढेच किंवा जास्त परतताना गेले तर हॉर्नला दहा उरतात. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास चार्जिंग असतं, म्हणून तेव्हा तोच हॉर्न बरा वाजतो आणि आपल्याला वाटतं बॅटरी गेली.

आता खरं काम, स्टिअरिंगचा अर्थ. चाक फिरतं, गाडी फिरत नाही, त्यामुळे बटणाची वायर आणि अर्थ, दोन्हींना स्थिर भागातून फिरत्या भागात ओलांडायचं आहे. वायरीसाठी दोन मार्ग आहेत. एक जुना: चाकाच्या मागे पितळी रिंग, तिच्यावर स्प्रिंगने टेकणारा कार्बनचा किंवा पितळी ब्रश. दुसरा, नव्या गाड्यांतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी केबल, जी चाकाबरोबर उलगडते आणि मिटते. तुमच्या गाडीला पितळी रिंगच घ्या. क्लॉक स्प्रिंगचे फेरे मोजके असतात. बसवताना ती मधोमध आणली नाही तर एका बाजूला पूर्ण वळताना आत तुटते, आणि भंगारातली तर बहुधा आधीच तुटलेली असते. रिंगला ब्रशचा दाब हलका पण कायम हवा. चाक काढून रिंगवर बोट फिरवा, खरखर लागली तर बारीक पॉलिश पेपर मारा आणि कापडाने कोरडी पुसा. ग्रीस लावलंच तर नखाएवढं. ग्रीसच्या थरात धूळ अडकते आणि तीच पुढे अडथळा बनते.

काही जण यातलं काहीच न करता सरळ लांब वायर सोडतात आणि रॉडभोवती तीन-चार वेटोळी देऊन ठेवतात, वळताना उलगडेल म्हणून. कृपा करून हे करू नका. ते वेटोळं एक दिवस सरकून कपलिंगमध्ये किंवा पेडलपाशी अडकतं, आणि तेव्हा चाक वळत नाही. स्टिअरिंगच्या रॉडला बाहेरून काहीही सैल बांधायचं नाही, एवढा नियम पाळा.

अर्थसाठी रबरी कपलिंगच्या वरच्या फ्लँजपासून (बोल्ट बसतात त्या धातूच्या कडेपासून) खालच्या फ्लँजपर्यंत विणलेल्या तांब्याची पट्टी टाका. दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टखाली बसणारं भोकाचं टोक), पण कपलिंगच्या मुख्य बोल्टखाली ती दाबू नका, त्या बोल्टचा पेच त्यामुळे सैल पडू शकतो. फ्लँजला वेगळी छोटी जागा बघा. रॉडला मात्र ड्रिल किंवा वेल्डिंग अजिबात नाही, त्याच्यावर तुमचा जीव आहे. दुसरी पट्टी रॅकच्या बॉडीपासून चेसिसला. अशी जागा मिळत नसेल तर वरच्या नायलॉन बुशजवळ रॉडचा दोन बोटं रुंद पट्टा घासून उघडा करा आणि चेसिसवरच्या ब्रॅकेटवरून फॉस्फर ब्राँझची लवचिक पत्री त्यावर टेकवा. मला स्वतःला ही पत्री जास्त पटते, कारण ती डोळ्यांसमोर राहते, झिजली तर दिसते. कपलिंगखालची पट्टी चिखलात हिरवी होत जाते आणि कोणी बघत नाही.

हा सगळा खटाटोप टाळायचा तर हॉर्नचं बटण डॅशबोर्डवर किंवा इंडिकेटरच्या दांडीवर घेता येतं. फिरता सांधाच उरत नाही. भारतात आलेल्या लोगन गाडीत दांडीच्या टोकालाच हॉर्न होता. तरी मी तुम्हाला मधल्या बटणाचाच सल्ला देईन. समोर अचानक सायकल आली की आपल्याकडे हात चाकाच्या मध्यावर आपटतो, ती सवय वर्षानुवर्षांची आहे. त्या क्षणी बटण शोधायला लागू नये. आणि तुमची गाडी दुसरं कोणी चालवेल तेव्हा त्यालाही ते तिथेच सापडायला हवं.

हॉर्न बसवायच्या जागेबद्दल दोन गोष्टी. हॉर्नला जी पोलादी पट्टी येते तिच्यावरच तो टांगा, बॉडी कुठेही टेकू देऊ नका. पट्टी कापून हॉर्न थेट पाइपला आवळलेला मी पाहिलाय. थरथर चेसिसमध्ये जाते आणि आवाज निम्मा होतो. शंखासारखा हॉर्न असेल तर तोंड खाली, म्हणजे आलेलं पाणी निथळेल. रिलेही पिना खाली करून लावा आणि वायरीला त्याच्या आधी खाली एक झोळ द्या, पाणी त्या झोळावरून गळून जाईल. उघड्या गाडीला आपल्या भागातल्या पावसात हे लागतंच.

चेसिसला तुम्ही पावडर कोटिंग केलं असेल तर अर्थच्या प्रत्येक बोल्टखाली ते खरवडून लोखंड चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग वरून रंग किंवा व्हॅसलीन लावून हवा बंद करा. रंगावर आवळलेला बोल्ट पेचातून थोडाफार अर्थ देतो. सुरुवातीला चालतं, पहिल्या पावसाळ्यानंतर चालत नाही. दोन्ही हॉर्नच्या दुसऱ्या पिनेला वेगळी वायर देऊन ती एकाच बोल्टवर आणा, ब्रॅकेटच्या भरवशावर सोडू नका. आणि चेसिसवर अजून वेल्डिंग बाकी असेल तर त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात.

तपासणी करताना मल्टिमीटरचा, वायर सलग असली की वाजणारा बझर वाजला म्हणजे काम झालं असं समजू नका. दहा तारांपैकी एकच शिल्लक असलेली वायरही बझर वाजवते, पण ८ अँपिअर नेत नाही. वजन टाकून, म्हणजे हॉर्नचा पूर्ण करंट वाहता ठेवून बघावं लागतं. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं हॉर्नच्या प्लस पिनवर, आणि कोणालातरी बटण दाबायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग एक टोक हॉर्नच्या अर्थ पिनवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर, पुन्हा बटण. इथे ०.२ च्या आत हवा. जास्त आला तर टोक एकेक बोल्ट पुढे सरकवत जा. ज्या सांध्यावर आकडा एकदम पडतो तो सांधा गुन्हेगार. तुमची आत्ताची जोडणी न सोडता हीच मापं आधी घेऊन ठेवा. परतीच्या बाजूला दोन-तीन व्होल्ट दिसतील असं मला वाटतं, आणि ते स्वतः पाहिल्यावर हॉर्न बदलायची इच्छा होणार नाही.

कायद्याचंही सांगायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम प्रत्येक गाडीला चालकाच्या हाताशी पुरेसा ऐकू जाणारा हॉर्न मागतो, आणि एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा किंवा कर्कश आवाजाचा हॉर्न लावू देत नाही. उच्च आणि खालच्या सुराची जोडी एकत्र वाजते, तिला अडचण नाही. कॉम्प्रेसरचा एअर हॉर्न नको. बांधलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणं हा नोंदणीचा वेगळा प्रश्न आहे, तो आरटीओत आधी विचारून घ्या. तोवर ती शेतात, आवारातच चालवा.

सगळं जोडून झालं की शेवटची चाचणी अशी घ्या. पुढची चाकं जॅकवर उचला, मागच्या चाकांना दगड लावा. बटण दाबून धरा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आवाज कुठेही तुटता किंवा बदलता कामा नये. बटण सोडून पुन्हा तसंच फिरवा, आता कुठेही वाजता कामा नये. मग पाइप घेऊन गाडीच्या पुढच्या भागावर, रॅकवर, हॉर्नवर पाच मिनिटं पाणी मारा आणि हेच परत करा. पाण्यानंतर काही वेगळं दिसलं तर दोन्ही मापं आणि चाकाची दिशा लिहून मला कळवा, तेवढ्यावरून सांधा सांगता येईल.